घटस्फोटाच्या अर्जाला जोडलेला फोटो

लग्नाच्या आठव्या वर्षी मी चार दिवस माहेरी, वर्तकनगरला, राहून आले. सासरी, कोपरला, परतल्यावर चहा पिताना नवऱ्याला सहज म्हटलं, "चार दिवस मस्त गेले रे."

तो कप खाली ठेवत म्हणाला, "माझेही."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. हे बोलणं आता मागे घेता येणार नाही, हे दोघांनाही कळलं होतं.

मोठं भांडण असं कधी झालंच नव्हतं. मला सतत बोलायला लागतं, त्याला शांतता. माझ्यामुळे तो चिडका होत गेला आणि त्याच्यामुळे मी घुमी. मूलबाळ नव्हतं. पुढच्याच महिन्यात मी कपडे घेऊन माहेरी आले. दोघांच्या संमतीने अर्ज करायचा तरी आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं, असं वकीलबाईंनी सांगितलेलं. वर्ष संपल्यावर आम्ही दोघं ठाण्याला त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

"आधार कार्डं, लग्नपत्रिका आणि लग्नाचा एक फोटो," त्या म्हणाल्या. "दोघांचे चेहरे स्पष्ट हवेत हं."

अल्बम कोपरला होता. म्हणजे सासूबाईंना तोंड देणं आलं. वर्षभर आम्ही फोनवर बोलायचो, पण तब्येतीपलीकडे विषय कधी सरकला नव्हता. रविवारी सकाळी जाऊन बेल दाबली.

दार त्यांनीच उघडलं. "ये. वाळलीस गं," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात वळल्या. बांगड्यांना मसाला लावायचं काम अर्धं राहिलं होतं.

आम्ही दोघं जमिनीवर अल्बम उघडून बसलो. एका फोटोत मुंडावळ्यांनी माझा चेहरा झाकलेला, दुसऱ्यात त्याचे डोळे मिटलेले, तिसऱ्यात माझ्या काकांचं टक्कल बरोबर मधोमध. चाळीसेक फोटो बघून झाले तरी दोघं धड दिसू असा एक सापडेना. मला हसू फुटलं, मग त्यालाही. हात पुसत सासूबाई आल्या, चष्मा लावून त्यांनी पानं उलटली आणि एकावर बोट ठेवलं.

"हा घ्या."

अंतरपाट नुकताच दूर झालेला. ऐन मंगलाष्टकांत गुरुजींच्या मोबाइलमध्ये कोंबडा आरवला होता आणि आम्ही दोघं अजून पोट धरून हसत होतो.

पत्रिका त्यांच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली होती. कोपऱ्यांना लावलेलं हळदकुंकू तसंच होतं. माझ्या हातात देताना त्यांनी ती लगेच सोडली नाही.

"परत मिळेल ना गं?"

"झेरॉक्स जोडायची आहे, आई. ही मी उद्याच आणून देते."

"मग ने." त्या उठल्या. "कागद तुमचे दोघांचे. त्यावर माझी सही मागितलीय का कोणी? नाही ना? मग जेवून जा."

मी तीन बांगडे खाल्ले.

वकीलबाईंनी फोटो बराच वेळ बघितला. "अहो, दुसरा नाही का? यात फारच हसताय."

"मॅडम, बाकीच्यांत आम्ही ओळखूच येत नाही," माझा नवरा म्हणाला.

आठ वर्षांत त्याने केलेला हा पहिला विनोद. हा आधीच असा बोलला असता तर? पण जायचं ठरलंय म्हणूनच तो आता मोकळं बोलतोय, हेही मला समजत होतं.

अर्ज दाखल करायच्या दिवशी सगळ्या पानांवर सह्या केल्या. मग कळलं, मी अर्ध्या मराठीत केल्यात आणि अर्ध्या इंग्रजीत. सगळी पानं पुन्हा छापून आणावी लागली. तो मुकाट्याने झेरॉक्सच्या रांगेत उभा राहिला, येताना दोन वडापाव घेऊन आला. अर्ज एकदाचा आत गेला आणि सहा महिन्यांनंतरची तारीख मिळाली. परतताना रिक्षात मी रडले. घरी आईने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं. भूक लागलीय." त्या दुपारी मी पाच वाजेपर्यंत गाढ झोपले.

सहा महिन्यांनी घटस्फोट मिळाला. आता तो आणि मी कामापुरते, पण बरे बोलतो. गेल्या महिन्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तो औषधं आणायला गेला होता आणि मी त्यांच्याजवळ फॉर्म भरत बसले होते. रुग्णाशी नातं, या रकान्यापाशी माझं पेन थांबलं.

"काय झालं गं?"

"नातं विचारलंय, आई."

"मग लिही ना पटकन काहीतरी. डोळ्यांत थेंब घातलेत, मला थोडंच दिसतंय!"

मी 'घरची' असं लिहिलं आणि फॉर्म नर्सकडे दिला. तिने तो वाचलासुद्धा नाही.