कात्रणाखालची चिठ्ठी

सुलभा ठाकूर गेल्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी सकाळी पेणमधल्या राहत्या घरी हृदयविकाराने गेल्या. रोह्याच्या आमच्या शाळेत त्या ग्रंथपाल होत्या. त्या वेळी मी नववीच्या वर्गात इतिहास शिकवत होतो. शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, ठाकूरबाई आज येणार नाय..."

शिक्षक होण्याआधी मी बातमीदार होतो. शाळेतल्या पहिल्याच वर्षी मी मुलांना आंबा नदीच्या पुरावर प्रकल्प दिला. सगळ्या वह्या एकसारख्या आल्या, स्टेशनरीच्या दुकानातल्या एकाच झेरॉक्सवरून उतरवलेल्या. बाईंनी त्या स्टाफरूममध्ये चाळल्या. "सर, विषय तुम्ही दिलात, उत्तर दुकानदारानं दिलं. पोरांनी काय केलं?"

पुढच्या गुरुवारपासून त्या माझ्या तासाला वर्गात बसू लागल्या. प्रत्येक मुलाला एक कार्ड मिळे. वर त्याचा स्वतःचा प्रश्न. खाली कुठे शोधलं, काय सापडलं, काय सापडलं नाही. शेवटचा रकाना रिकामा असेल तर त्या कार्ड परत करत. आम्हा दोघांच्या सह्यांशिवाय प्रकल्प पुढे जात नसे. नंतर पेणच्या एका शाळेनेही ही कार्डं नेली. तिथे मूर्तिकारांच्या हमरापूर गावातल्या मुलांनी गणपतीच्या मूर्तींच्या रंगांवर प्रश्न काढले.

माझ्या त्या पहिल्याच वर्षी नागोठण्याहून येणाऱ्या प्रणालीचा प्रश्न होता, आपल्या आळीत पुराचं पाणी कुठवर आलं? ग्रंथालयातलं वर्तमानपत्राचं जुनं कात्रण सांगत होतं, देवळाच्या पायरीपर्यंत. तिची आजी म्हणाली, "नाय गो, पायरीला पाणी लागलंच नाय. आपल्या ओट्यावरून परत फिरलं." प्रकल्पांचं प्रदर्शन दोन दिवसांवर आलं होतं. छापील तेवढं ठेव, आजीचं काढ, असं मी तिला सांगितलं. बातमी माझीच होती, हे सांगितलं नाही.

प्रणाली बाईंकडे गेली. "माझी आजी खोटं बोलत नाय, बाई."

बाईंनी मला बोलावलं. कात्रणावरच्या माझ्या नावावर बोट ठेवलं.

"सर, तुम्ही त्या आळीत गेला होतात?"

"नाही. फोनवर माहिती घेतली होती."

"मग तसं लिहून द्या. पोरीनं आजीला का खोटं पाडायचं?"

मी लिहून दिलं. प्रकल्प दोन्ही उत्तरांसह प्रदर्शनात लागला.

ते कात्रण अजून ग्रंथालयाच्या फायलीत आहे. खाली टाचलेल्या चिठ्ठीवर एकच ओळ आहे : 'बातमीदार घटनास्थळी गेला नव्हता.' तिच्याखाली माझी सही आहे. शेजारी बाईंची.