दोनशे वीसच्या पुढे

मी चौथी शिकलेला. बायको मॅट्रिक आणि गणितात पक्की. गुजरातेत समा भागातल्या आमच्या घरी सोसायटीतली पोरं तिच्याकडे शिकवणीला यायची. फरशीवर खडूनं गणित मांडायचं, झालं की ओल्या पोतेऱ्यानं पुसायचं, अशी तिची पद्धत. कुठलाही मोठा आकडा दिसला की त्याची जात काढायची. सम की विषम, तीनानं जातो का, अकरानं जातो का. मी म्हणायचो, आकड्याचं काय लोणचं घालायचंय? ती म्हणायची, तुम्ही भेटेल त्याला गाव विचारता, ते कशाला?

ती अंथरुणाला खिळली तेव्हा पलंग बाहेरच्या खोलीत, विजेच्या मीटरसमोर टाकला. घरोघरी केबल आली होती, पण तिला तो कालवा नको असायचा. ती मीटरच्या पत्र्यावर छापलेला नंबर बघत पडायची. ४८६११. विषम आहे, बेरीज वीस म्हणून तीनानं जात नाही, शेवटी एक म्हणून पाचानं नाही. सात, अकरा, तेरा तोंडानंच करून झाले. पुढं दम लागायला लागला. मला म्हणाली, ही मूळ संख्या दिसते, कशानंच न तुटणारी. पण नक्की कळायला हवं, तुम्ही करा.

खडू मी घेतला. नंदेसरीला केमिकलच्या कारखान्यात एकच शिकलो होतो, एकही व्हॉल्व्ह न तपासता पुढं जायचं नाही. म्हणून दोन, तीन, चार, पाच, सहा असा ओळीनं भागत सुटलो. तिला हसू आवरेना.

"अहो, दोनानं न जाणारा चारानं कसा जाईल?"

मी म्हटलं, माझा भरवसा नाही. तिनं नाद सोडला, पण थांबायचं कुठं ते सांगितलं.

"दोनशे वीसपर्यंत करा. पुढं गरज नाही."

"का?"

"तुटला तर दोन तुकडे होतील ना? दोन्ही त्याहून मोठे असले तर गुणाकार नंबराच्या बाहेर जाईल. एक तरी लहान असणारच."

मग रोज विचारायची, कुठवर आलात? मी शंभरी ओलांडली आणि ती गेली.

तेरावं झालं, माणसं पांगली. मी परत फरशीवर बसलो. गुडघे ओरडत होते. शेजारच्या गुजराती बाईंनी डोकावून विचारलं, काका, शुं करो छो? म्हटलं, हिनं काम सांगितलंय. त्या चहा ठेवून गेल्या. बाई चांगली आहे.

दोनशे अकरानं भागलं, बाकी एक्याऐंशी. दोनशे वीसनं भागलं, बाकी दोनशे अकरा. झालं. तुटत नाही. तिचं बरोबर होतं.

एवढं तिला सांगायचं होतं. नाहीतर मूळ संख्येशी मला काय करायचंय?

फरशी पुसली. खडू ठेवायला उठलो आणि पुन्हा खाली बसलो. दोनशे एकवीसनं भाग दिला. बाकी दोनशे बारा.