दाखूबाईची कोरी जागा

पडदा वर जातो. नंदुरबारच्या कापडबाजारामागची गल्ली. रविवारची सकाळ. एका मारवाडी घराच्या ओट्यावर लाकडी स्टूल मांडलेलं, स्टुलावर पत्र्याची बादली. समोर गोणपाटावर चोवीस वर्षांची एक बाई बसलेली. तपकिरी ओढणी, हात बांगड्यांविना ओकेबोके, मांडीवर ड्रॉइंगचा बोर्ड. तिच्यापासून चांगले लांब, खुर्चीवर, हायस्कूलचे ड्रॉइंगमास्तर इंद्रसिंग गिरासे. आणि दारात पाळण्याची दोरी ओढत बसलेली घरची सून छोटीबाई. तिचा हात हलतो, नजर हलत नाही. प्रेक्षक म्हणाल तर सगळी गल्ली.

ही गोष्ट सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची. बोर्ड घेऊन बसलेली ती दाखूबाई. घरमालक धर्मचंद शेठ तिचे थोरले भाऊ, छोटीबाईचे यजमान. मी त्याच घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होते. आमची नाटक मंडळी नंदुरबारच्या मुक्कामी बंद पडली, मंडळी पांगली, आणि मी मुलींच्या शाळेत गाणं शिकवायला लागले. गल्लीत मला ‘नाटकवाली’ म्हणत. छोटीबाईसुद्धा म्हणायची, पण लोणच्याची वाटी पाठवताना.

दाखूबाईचं लग्न लहानपणी झालं, सोळाव्या वर्षी ती मारवाडात सासरी गेली आणि वर्षाच्या आत नवरा तापाने गेला. मग त्यांच्या रीतीप्रमाणे तिला कोपऱ्यात बसवलं. पूर्ण वर्ष. स्वयंपाकघराशेजारच्या काळोख्या खोलीचा एक कोपरा. खाणं तिथेच, झोपणं तिथेच. वर्ष सरल्यावर धर्मचंद शेठ तिला माहेरी घेऊन आले, ती सात वर्षं इथेच होती. आता सासू अंथरुणाला खिळली होती आणि सासऱ्यांचा माणूस दोनदा येऊन गेला होता. सुनेला पाठवा, घरात हात कमी आहेत.

धर्मचंद शेठ वाईट माणूस नव्हते. मला एकदा म्हणाले, “बाई, न पाठवायला कारण तर पाहिजे ना? समाजात काय सांगू? बहिणीवर माया आहे म्हणून ठेवली? हसतील लोक.”

कारण मी शोधलं. आमच्या शाळेत खालच्या वर्गांना ड्रॉइंग शिकवायला बाई हवी होती, आणि चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा पास असेल तर हेडबाई घ्यायला तयार होत्या. शेठ म्हणाले, “पास झाली तर सांगेन, शाळा सोडत नाही. नाही झाली, तर होळीनंतर ती तिकडे.” म्हणून ही बादली, हे स्टूल आणि हे मास्तर.

दाखूबाईच्या हाताला वळण होतं, ते मांडण्याचं. मारवाडी बायका दिवाळीला सारवलेल्या जमिनीवर गेरू आणि पांढऱ्या खडीने मांडणा काढतात. विधवेने काढायचा नाही, म्हणून ही मागच्या अंगणात पाण्याने काढायची. वाळला की गेला. पण मांडणा काढणारी बाई जमिनीवर वाकून, चारी बाजूंनी फिरत काढते. तिला बादली दिली तर ती काय करणार? तिने तोंड काढलं पूर्ण गोल, चंद्रासारखं. स्टुलाची बैठक पूर्ण चौकोन. चारही पाय चार दिशांना, चिरडलेल्या खेकड्यासारखे.

इंद्रसिंग मास्तर शाळेत शुद्ध बोलत, पण राग आला की थेट अहिराणीवर येत. “बाई, तुन्ही बादली कलंडी ऱ्हायनी! पानी सांडाई जाई!”

“बादलीचं तोंड गोल नाही का, सर?”

“गोल शे. पण तुले गोल दखास का, तथून बसीसन?”

ती उठली आणि स्टुलाच्या मागे जाऊन बघू लागली. मास्तरांनी कपाळाला हात लावला. “कुठं चालनी?”

“मांगला पाय दखास नही ना, सर! देखाले उठनू,” ती त्यांच्याच बोलीत म्हणाली.

“जे दखास नही, ते काढानं नही! बस खाले!”

गल्ली हसली. छोटीबाईही हसली.

मी तिला आमच्या मंडळीतला रस्त्याचा पडदा समजावून सांगितला. मागे घरं लहान लहान होत जातात, रस्ता निमुळता होतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, केवढी लांबलचक पेठ! पण नटाने त्या पडद्याजवळ जायचं नसतं. गेला की माडीच्या खिडकीत त्याचं डोकं लागतं आणि शोकाच्या प्रवेशातही प्रेक्षक हसतात. सगळी जादू एका जागी बसून बघण्यात आहे. माझं भाषण जोरदार झालं असावं, कारण मास्तरांनी मान डोलावली.

पुढच्या रविवारी मास्तर डोळ्यांच्या पातळीची रेघ शिकवत होते. त्या रेघेच्या वरचं लांब जाताना खाली उतरतं, खालचं वर चढतं, आणि सगळं एका ठिकाणी गोळा होतं. तिने विचारलं, “सर, छताच्या तुळया दाराकडे जाताना जवळ जवळ येतात, तसं?”

“तसंच. कुठं पाहिलंस?”

“कोपऱ्यात. वर्षभर तेच बघत होते. मला वाटायचं माझ्या डोळ्यांना काही झालंय. फरशीचे चिरे वर चढायचे, तुळया खाली यायच्या. वाटायचं खोली माझ्याकडून मिटत चाललीये.”

मास्तर खुर्चीवरून उठले, उगाच बादली सरळ केली आणि म्हणाले, “डोळे चांगले शेत तुन्हे. काढ.” तिने बादली काढली. तोंड बशीसारखं चपटं, स्टुलाचा मागचा पाय अर्धाच. नाटकात असते तर मी टाळी घेतली असती.

दिवाळी झाली, थंडी पडू लागली, परीक्षा जवळ आली. एक अडचण मात्र सुटेना. दाखूबाई कोरी जागा ठेवत नव्हती. वस्तूभोवतीचा कागद मोकळा सोडायचा असतो, हे मास्तर घसा फोडून सांगत. त्यांची पाठ वळली की ती बादलीच्या कडीत वेल काढायची, स्टुलाच्या पायांमध्ये ठिपके भरायची, वर दोन पोपट. रविवारी मास्तर यायचे आणि कागद बघून ओरडायचे, “बादलीना बगीचा कोन्ही कया?”

मग त्यांनी उलटा धडा दिला. बादली काढू नकोस. कडी आणि काठ यांच्यामधली जी हवा आहे, तिचा आकार काढ. स्टुलाच्या पायांमधून भिंत दिसते, त्या भिंतीचा तुकडा काढ. तेवढं नीट काढलं की बादली आणि स्टूल आपोआप तयार होतील. तिने काढलं आणि खरंच झालं. रिकामे तुकडे उभे राहिले तशी मध्ये बादली उमटली. ती बघत राहिली. आणि मास्तर गल्लीच्या वळणाला पोचायच्या आत तिने सगळे तुकडे ठिपक्यांनी भरून टाकले.

मी चिडले. “अगं, नापास व्हायचंय का? मारवाडात जायचंय?”

तेव्हा तिने सांगितलं. सासरची पहिली दिवाळी. अंगणात तिने मोठा मांडणा घातला, बाहेरच्या रेघा झाल्या, आणि आत भरायच्या आधी खडी संपली. सासू म्हणाली, सकाळी भर. मांडणा रात्रभर रिकामा राहिला. रिकाम्या जागेत नको ते येऊन बसतं, म्हणून मांडणा कधी तसा सोडत नाहीत. त्यानंतर महिन्याने नवरा गेला. ‘सकाळी भर’ म्हणणारी तीच सासू सगळ्यांसमोर म्हणाली, हिने घर उघडं ठेवलं.

“तुम्ही म्हणाल खुळी समजूत,” दाखूबाई म्हणाली. “मीही म्हणते. पण हात थांबत नाही.”

दारात पाळण्याची दोरी थांबली होती. छोटीबाईने सगळं ऐकलं होतं.

परीक्षेला मी तिच्याबरोबर गेले. हायस्कूलच्या हॉलमध्ये चड्डीतली पोरं आणि त्यांच्यामध्ये ही, ओढणी कपाळापर्यंत. वस्तुचित्राला एक किटली, कप आणि आडवं ठेवलेलं जाड पुस्तक होतं. मी व्हरांड्यातल्या बाकावरून तिची फक्त पाठ बघत होते. वेळ संपत आली तशी पाठ ताठ झाली. पेन्सिल कागदाच्या वर धरलेली, खाली येत नव्हती, बाजूलाही होत नव्हती. घंटा झाली. ती बाहेर आली.

“भरलं?”

तिने मान हलवली. नाही. पाण्याच्या माठाशी जाऊन ती दोन पेले पाणी प्यायली आणि म्हणाली, “मोकळं बरं दिसत होतं, बाई. किटली श्वास घेत असल्यासारखी.”

त्याच आठवड्यात पाळण्यातला मुन्ना आजारी पडला. ताप, मग आकडी. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या. त्या गडबडीत छोटीबाई नणंदेसमोर उभी राहिली. “बाईसा, खरं सांगा. त्या दिवशीचा कागद भरला होता का?”

“नाही, भाभी.”

छोटीबाई किंचाळली नाही, हे मला अजून आठवतं. तिने फक्त मुन्नाला उचललं आणि दाखूबाईकडे पाठ केली.

पोर चार-पाच दिवसांत बरं झालं, दूध मागू लागलं. पण छोटीबाई नणंदेच्या हातचं पाणी घेईना. नवऱ्याला म्हणाली, “ती राहील तर मी बाळाला घेऊन माहेरी जाते. मला तिच्याशी वैर नाही. माझं एकच पोर आहे.” तिला दुष्ट म्हणणं सोपं आहे. मला ते जमलं नाही. ती खरोखरच घाबरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ मागच्या अंगणात आले. मी डाळ निवडत होते, दाखूबाई शेजारी. मी उठू लागले, तर तेच म्हणाले, “बसा बाई. तुम्हीही समजवा हिला.” घरात ते मारवाडी बोलत, मी आपल्या भाषेत सांगते.

“दाखू, एवढंच म्हण की कागद भरला होता. घाबरून आधी नाही म्हणाले, पण भरला होता.”

“नाही भरला, भाई.”

“ते मला माहीत आहे! कागद गेला तपासायला मुंबईला. इथे कोण बघायला येणार आहे? तुझ्या भाभीसमोर एकदा म्हण. ती निवळेल, निकाल लागेल, तू शाळेत जाशील. मी तर तुझ्याच बाजूने बोलतोय.”

मीही म्हणाले, “म्हणून टाक गं. आम्ही रंगभूमीवर रोज रात्री खोटं बोलायचो.”

दाखूबाईने सुपातले खडे एका बाजूला केले. “मी भरला म्हटलं, तर भाभी म्हणेल, भरला होता म्हणून मुन्ना वाचला. म्हणेल ना?”

“म्हणू दे की.”

“मग त्या दिवाळीचं काय, भाई? तो मांडणा मी भरला नव्हता. मग त्यांना मीच मारलं. आठ वर्षं सगळे तेच म्हणतायत. आज मी स्वतःच्या तोंडाने म्हणू?”

शेठ दारापर्यंत गेले, परत आले. शेवटी म्हणाले, “मग थोडे दिवस तिकडे जाऊन ये. निकाल लागला की आणतो.” आम्हा तिघांनाही कळत होतं की तिकडून सुनेला ‘थोड्या दिवसां’नी कोणी सोडत नाही.

निकाल होळीनंतर लागला, ती मारवाडात गेल्यावर. दाखूबाई पास झाली होती. इंद्रसिंग मास्तर बातमी सांगायला पळत गल्लीत आले आणि ओट्यावरच बसून राहिले. धर्मचंद शेठ खरोखर तिकडे गेले, हात जोडून आले, एकटेच परतले. सासूला उठवायला-बसवायला तीच एक होती. हेडबाईंनी वर्षभर जागा रिकामी ठेवली, मग दुसरी बाई घेतली. मी तिला पुन्हा पाहिलं नाही. त्या दुपारी ती खोटं बोलली असती तर आमच्या शाळेत शिकवत म्हातारी झाली असती, हा विचार मी कितीदा केला असेल. आणि दर वेळी तिचं ते सुपातले खडे बाजूला करणं आठवून मी तो विचार सोडून दिला.

ती निघाली त्या सकाळचं सांगायचं राहिलं. दारात टांगा उभा, आत सासऱ्यांचा माणूस, पायाशी तिची पत्र्याची पेटी. शेठ दुकानातून बाहेर आले नाहीत. छोटीबाईने मात्र दशम्यांचं फडकं आणून मांडीवर ठेवलं आणि ती रडत आत पळाली. मी निरोपाचे अनेक प्रवेश केले होते, आज मात्र नुसती तिची पेटी नीट आत सरकवली. टांगेवाल्याने लगाम उचलला तशी दाखूबाईने ओढणी थोडी मागे सारली आणि वाकून मला म्हणाली, “सरांना सांगा, किटलीच्या दांड्यातली जागा जरा लहान झाली. घंटा झाली, नाहीतर मोठी केली असती.”