काराच्या शोधात जऊळक्याला

प्रॅक्टिकल सोमवारवर आलं आणि माझ्याकडे कारा नव्हता. कारा म्हणजे साचलेल्या पाण्यात वाढणारं, लसणासारखा वास मारणारं शेवाळ. त्याच्या फांदीवर नर आणि मादी अवयव जोडीने बसतात. वीस वर्षं हे शिकवतेय, पण खरं सांगते, ताजे मी कधी पाहिलेच नव्हते. दोन रविवार अकोल्याभोवतीची तळी धुंडाळून गुडघे बोलायला लागले. मग वर्गातली पूजा म्हणाली, आमच्या मळ्यातल्या टाक्यात तसलंच काहीतरी आहे. तिने घरी फोन केला आणि मी निघाले.

जायचं असेल तर अकोल्याहून सकाळची गाडी धरा, बसायला जागा मिळते. जऊळक्याहून मळ्यापर्यंत ऑटोवाल्याने शंभर घेतले आणि हाडं खिळखिळी करून दिली.

टाक्यात वाकून पाहिलं. तळ लख्ख होता. पूजाचे वडील कौतुकाने म्हणाले, "मॅडम येऊन राह्यल्या म्हनून कालच घासून काढलं. पाहुन्याले घान कायले दाखवा?"

रडूच येत होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून गिळलं. पूजाच्या आईने भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. जेवण झकास असणार, मला चव कळली नाही. मी काय शोधतेय ते त्यांनी विचारून घेतलं आणि मला वांग्यांच्या वाफ्याकडे नेलं. काढलेलं शेवाळ त्यांनी ओल टिकावी म्हणून झाडांच्या बुडाशी घातलं होतं. वरचं वाळलेलं, खालचं अजून ओलं. तासभर उकिडवं बसून चिवडल्यावर भिंगात एक नारिंगी ठिपका दिसला, आणि त्याला लागूनच मादी. थकवा विसरले, खोटं कशाला बोलू.

भिंग पूजाच्या आईला दिलं. नारिंगी गोळा तो नर, हिरवी पिळाची ती मादी, असं सांगितलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"म्हंजे बाई वरतं अन् मानूस खालतं. बरं हाये याच्यात."

मी हसले, आणि भिंग परत घेतलं. खरंच, मादी वर होती. फळ्यावर मी आजवर नर वर काढत आले. माझ्या सरांच्या वहीतून उतरवलेली आकृती, कधी पडताळलीच नाही.

घरी येऊन सूक्ष्मदर्शकाखाली फांद्यांमागून फांद्या पाहिल्या. सगळीकडे तेच. सोमवारी मुलांना आधी चूक सांगितली, मग फांदी दाखवली. त्यांनी वहीतली आकृती खोडून नवी काढली. आधीच्या बॅचेसमधली कितीतरी मुलं आता स्वतः शिकवतात.