घड्याळबाईंचं एक मिनिट

शिक्षकांनी त्यांना घड्याळबाई हे नाव ठेवलं होतं आणि ते अगदी चपखल बसलं होतं. बाई शिक्षण खात्यात संशोधक. तिसरीतल्या मुलाच्या हातात परिच्छेद द्यायचा, गळ्यातलं स्टॉपवॉच दाबायचं आणि मिनिटभरात किती शब्द वाचले ते लिहायचं. साठ झाले तर पास, नाहीतर नापास. हा नियम ऐन पंचविशीत बाईंनीच बसवला होता आणि बावीस वर्षांत कुणी त्याला हात लावला नव्हता. खात्यांना काय, एकच आकडा मिळाला की गाढ झोप लागते.

पुढे बाईंनी भांडभांडून चारशे सरकारी शाळांत रोजचा वाचनतास सुरू करवला. प्रश्न नाहीत, गुण नाहीत. गोष्टीचं पुस्तक घ्या आणि वाचा. तीन वर्षांनी त्याच मिनिटाच्या चाचणीचा निकाल लागला तेव्हा बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. वाचनतासवाल्या शाळा इतरांपेक्षा मागे! तास बंद करायचा कागद टाइप होऊन सचिवांच्या सहीची वाट बघत होता.

"आकडे खोटं बोलत नाहीत, असं तूच म्हणतेस ना?" नवऱ्याने चिमटा काढला.

"तू गप्प बस," म्हणून बाईंनी पिशवी उचलली आणि दोन शाळांत जाऊन मागच्या बाकावर बसल्या.

परिच्छेद होता एका शेळीचा. ती मुख्याध्यापकांचा रजेचा अर्ज खाऊन टाकते. पहिल्या शाळेत वाचनतास नव्हता. तिथली मुलं धडाधड वाचून मोकळी झाली, पण शेळीने काय खाल्लं, असं विचारलं तर म्हणाली, "गवत." दुसऱ्या शाळेत वाचनतास होता. तिथली एक चिमुरडी अर्जापाशी अडली, खुदकन हसली, तीच ओळ पुन्हा वाचून म्हणाली, "बाई, आता सर घरी कसे जाणार?" तेवढ्यात मिनिट संपलं. बावन्न शब्द. नापास!

ज्याला गोष्ट कळते तोच थांबतो, आणि थांबणाऱ्याला नापास करणारा नियम त्यांचाच होता. खापर फोडायला दुसरं डोकंही नव्हतं.

"बावीस वर्षांची अब्रू आहे माझी," घरी येऊन सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या.

"आणि त्या पोरीचा तास?" नवऱ्याने विचारलं.

बैठकीत बाई सरळ उभ्या राहिल्या. "साहेब, नियम माझा आणि चूकही माझीच. सही करण्याआधी मला फक्त एक मिनिट द्या." त्यांनी सचिवांच्या हातात परिच्छेद दिला आणि स्टॉपवॉच दाबलं.

साहेबांनी मोठ्या ऐटीत सुरुवात केली. "...मुख्याध्यापक म्हणाले, अर्ज शेळीने खाल्ला, तेव्हा रजा शेळीलाच मंजूर." रजेच्या अर्जांवर सह्या करण्यात जन्म गेलेला तो माणूस. त्याला असं हसू फुटलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "ऐका हो," म्हणत त्यांनी शेजारच्या उपसचिवांना ती ओळ पुन्हा वाचून दाखवली.

स्टॉपवॉच वाजलं.

"एकोणपन्नास शब्द," बाई म्हणाल्या. "साहेब, तुम्ही तिसरीत नापास."

उपसचिवांनी साहेबांकडे चोरून पाहिलं. मग साहेबच पुन्हा हसू लागले आणि त्यांच्यामागोमाग अख्खी खोली हसली. साहेबांनी समोरचा टाइप केलेला कागद उचलून उपसचिवांकडे सरकवला.

"हा त्या शेळीला घाला," ते म्हणाले, "आणि वाचनतास सगळ्या शाळांत सुरू करा."