निर्व्यसनी असल्याचा दाखला

मेस्त्रींनी प्लॅस्टिकची फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि केस संपल्यासारखे खुर्चीत मागे रेलून बसले. आत दाखल्यांची चळत होती. शाळेच्या हेडमास्तरांचा, कॉलनीतल्या गणेशोत्सव मंडळाचा, गाववाल्यांच्या संघाचा. एका नगरसेवकाने तर मराठीत आणि इंग्रजीत असे दोन दिले होते. वाक्य सगळीकडे एकच. सतीश मेस्त्री यास मी लहानपणापासून ओळखतो, तो सुस्वभावी, होतकरू आणि निर्व्यसनी आहे.

"काका, हे कोर्टात दिलंत तर सतीश दहा वर्षं आत जाईल," मी म्हटलं.

त्यांना वाटलं, वकीलबाई गंमत करतेय. बाई गंमत करत नव्हती.

सत्त्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, मुलुंडपासून अंधेरीपर्यंत गल्लोगल्ली पोचली होती. मेस्त्रींच्या मुलुंडच्या कॉलनीतही ती होती, पण तिथल्या प्रत्येक बापाच्या मते ती शेजारच्या बिल्डिंगमध्ये होती. सतीश वीस-बावीसचा. पोलिसांनी त्याला नाल्याच्या भिंतीपाशी दोन पुड्यांसकट पकडला. पंचनामा चोख होता, पंच खरे होते. पुड्या पोलिसांनीच खिशात टाकल्या, हा बचाव माझ्याकडे येणारा प्रत्येक बाप पहिल्या भेटीत सुचवतो. मेस्त्रींनीही सुचवला. मी नाही म्हटलं.

कायदा तेव्हा नवा आणि कडक होता. गर्द जवळ सापडली तर कमीत कमी दहा वर्षं. जज्जसाहेबांना दया आली तरी त्यातला एक दिवस कमी करता येत नसे. प्रोबेशनही बंद. प्रोबेशन म्हणजे गुन्हा शाबित होतो, पण तुरुंगात न धाडता अटी घालून, बाँड लिहून घेऊन माणसाला सोडतात. गर्दच्या केसमध्ये ती खिडकी एकाच माणसासाठी उघडी होती. माल अगदी थोडा हवा, तो स्वतःसाठी हवा आणि माणूस व्यसनी हवा. मग कोर्ट त्याला तुरुंगाऐवजी सरकारी हॉस्पिटलात उपचाराला पाठवू शकत होतं. माल स्वतःसाठी होता हे सिद्ध करायचं काम मात्र आरोपीचं.

मी हे मेस्त्रींना सोपं करून सांगितलं. कोर्ट विचारणार, पुड्या ओढायला होत्या की विकायला? मुलगा निर्व्यसनी असेल तर त्या विकायला होत्या. म्हणजे तुमच्या नगरसेवकाने तुमच्या मुलाला ड्रग्ज विकणारा ठरवलंय, तेही दोन भाषांत.

मेस्त्री पूर्वी गिरणीत हेडक्लार्क होते. संपानंतर भांडुपला एका कंपनीत चिकटले. हिशेबातला माणूस, मुद्दा कळला नाही असं नव्हतं. चेहरा लाल झाला आणि एरवीची शुद्ध भाषा सुटून मालवणी आली.

"माझो झील गर्दुल्लो नाय."

गर्द विकणारा चालेल, ओढणारा नको. मला त्यांचा मनापासून राग आला. पण तेवढ्यात खरं कारण बाहेर पडलं. सतीशच्या मोठ्या बहिणीचं, शुभांगीचं, ठाण्याला जमत आलं होतं. मुलाकडच्यांना सांगितलं होतं की पोलिसांनी गैरसमजातून पकडलंय, लवकरच निर्दोष सुटेल. गैरसमजाला मुलाकडचे तयार होते. व्यसनाला नव्हते.

मेस्त्रींना खाली चहा प्यायला पाठवून मी सतीशशी बोलले. जामीन तेव्हा अजून मिळायचा, म्हणून तो समोर बसू शकत होता. दोन वर्षं ओढतोय म्हणाला. घरातली पितळेची भांडी, बहिणीचं घड्याळ, सगळं गेलं होतं. सुटल्यावर वडिलांनी त्याला गावी नेऊन खोलीत कोंडलं. डॉक्टरला दाखवलं नाही, कारण डॉक्टर गावातलाच होता. म्हणजे उपचाराचा एक कागद नाही. नुसता आरोपीचा शब्द, आणि तो सरकारी वकील एका प्रश्नात उडवतो.

"घरातल्या कुणीतरी कोर्टात सांगायला हवं," मी म्हटलं. "शुभांगी सांगेल?"

"तिचं लग्न मोडेल, मॅडम. तिला नका ना बोलावू."

मग राहिले मेस्त्री. सतीशची आई नव्हती. मेस्त्रींना तयार करायला मला जेवढा घसा कोरडा करावा लागला तेवढा आख्ख्या केसमध्ये लागला नाही. कोर्टात तुमच्या कॉलनीतलं कोण येतंय, दोन मिनिटांचं काम आहे, मुलाची दहा वर्षं वाचतील. शेवटी ते हो म्हणाले. फाइल घरी ठेवायचंही कबूल केलं.

साक्षीच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. सोबत सफारी सूटमधले एक गृहस्थ. मी विचारलं, हे कोण?

"शुभांगीच्या होणाऱ्या सासरचे. मुलाचे काका. म्हटलं, सतीशचं नाव साफ होताना त्यांनी आपल्या कानांनी ऐकावं."

ज्या दिवशी मुलाला व्यसनी म्हणायचं त्याच दिवशी हा माणूस व्याह्यांना आमंत्रण देऊन आला होता. त्यांना बाहेर बसवा म्हटलं, तर तो अपमान झाला असता म्हणे. तेवढ्यात पुकारा झाला.

मेस्त्री साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले, शपथ घेतली. मी सरळ विचारलं, तुमच्या मुलाला गर्दचं व्यसन आहे का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या बाकावरच्या सफारी सूटकडे.

"नाही. माझा मुलगा निर्व्यसनी आहे."

आणि शर्टाच्या आतून ती फाइल काढली. जज्जसाहेबांनी चष्मा खाली घेतला. "बाई, हे तुमचेच साक्षीदार ना?" सरकारी वकिलांनी दाखले प्रेमाने वाचून काढले. उलटतपास घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कोर्ट जेवणाला उठलं तेव्हा मेस्त्री व्याह्यांना जज्जांची खुर्ची दाखवत होते. आरोपीच्या पिंजऱ्यातला मुलगा दहा वर्षांच्या दारात उभा होता, आणि बापाच्या चेहऱ्यावर बक्षीस समारंभाची कळा.

शुभांगी बाहेर व्हरांड्यात होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली. बाबा काय बोलले, तिने विचारलं. मी सांगितलं. तिच्याकडे काही मागणार नव्हते, सतीशला तसा शब्द दिला होता. ती म्हणाली, "मी बोलते. ते काका आत आहेत ना? असू देत."

जेवणानंतर मी परवानगी मागितली, ती मिळाली. शुभांगी हळू बोलत होती, पण सगळं ऐकू येत होतं. कपाटामागे सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद सापडायचा, गर्द तापवून ओढल्याने खालून जळलेला. सतीश बाथरूममध्ये तासतास बसायचा. घड्याळ हरवलं असं तिनेच ऑफिसात खोटं सांगितलं होतं. गावी त्याला कोंडलं तेव्हा तो ओकायचा, ओरडायचा.

"शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून बाबा रेडिओ मोठा करायचे," ती म्हणाली.

सरकारी वकील उठले. लग्नाचं त्यांच्या कानावर आलं होतं, आपल्याला हुकमाचं पान मिळालंय असं त्यांना वाटलं.

"तुमचं लग्न ठरलंय. भाऊ तुरुंगात गेला तर मोडेल, म्हणून हे रचून सांगताय. खरं की नाही?"

"मुलाचे काका तुमच्या मागे बसलेत," शुभांगी म्हणाली. "लग्न टिकवायचं असतं तर मी बाबांसारखं बोलले असते."

सरकारी वकिलांनी मागे वळून पाहिलं. सफारी सूट उठून दाराकडे निघाला होता. जज्जसाहेबांनीही ते पाहिलं. इतका चांगला पुरावा मला आख्ख्या वकिलीत पुन्हा मिळाला नाही, आणि तो मी मागितला नव्हता.

सतीश दोषी ठरला, पण हलक्या कलमाखाली. माल स्वतःसाठीच होता हे कोर्टाने मानलं आणि त्याला सरकारी हॉस्पिटलात उपचारांसाठी सोडलं. बाँडवर बापाने सही केली नाही, कारण त्यात व्यसनी हा शब्द होता. सही शुभांगीने केली. ठाण्याचं स्थळ त्याच आठवड्यात मोडलं. मेस्त्रींनी कॉलनीत पेढे वाटले, मुलगा निर्दोष सुटला म्हणून. मंडळाने त्यांना नारळ दिला, असंही कानावर आलं.

वर्षभराने सतीशचा रिपोर्ट चांगला आला. कोर्टाने समज देऊन, पुन्हा या वाटेला जाणार नाही असं लिहून घेऊन त्याला मोकळं केलं. दुसऱ्या दिवशी मेस्त्री माझ्या ऑफिसात हजर. पेढे टेबलावर ठेवले, बराच वेळ हवापाण्याचं बोलले, मग मुद्द्यावर आले. सतीशसाठी मुली बघताहेत. माझ्या लेटरहेडवर एक दाखला मिळाला तर बरं.

"मुलगा निर्व्यसनी आहे असा. वकिलाच्या दाखल्याला वजन असतं ना, बाई."

शुभांगीचं काय चाललंय, मी विचारलं. तिचं अवघड आहे म्हणाले. कोर्टात नको ते बोलली, कॉलनीत सगळ्यांना माहीत झालंय. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार होती, तिच्याबद्दलची. मला त्या पेढ्यांकडे बघवेना.

मी लेटरहेड ओढलं आणि दाखला लिहिला. शुभांगी मेस्त्री हिला मी ओळखते. ती खरं बोलते. खाली सही केली, शिक्का मारला. मेस्त्रींनी वाचला, परत टेबलावर ठेवला आणि नमस्कारही न करता गेले. पेढे मात्र आठवणीने घेऊन गेले.

तेव्हापासून माझ्याकडे कुणी मुलाच्या चारित्र्याचे दाखले घेऊन आलं की मी ते उघडत नाही. मी आधी विचारते, घरात बहीण आहे का?