तीनशेची खुर्ची आणि धनींची किक

कोल्हापूरच्या माणसानं फुटबॉल बघायला हुबळीला जावं, हे आमच्या तालमीत कुणाच्याच पचनी पडलं नाही. "इथं पेठापेठांत डोकी फुटेस्तवर फुटबॉल चाललाय आणि तू तिकडं काय बघायला चाललास?" असं जो तो विचारत होता. पण अक्काचा फोन आला होता. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, लग्न होऊन हुबळीच्या कमरीपेठेत गेलेली. तिचा मुलगा सुनील गोलकीपर आहे. खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वे वर्कशॉपातली नोकरी दारात चालून आली होती, ती सोडून हा बहाद्दर एका नव्या व्यावसायिक संघात पगारावर लागला. तेव्हापासून मायलेकरांचं धड बोलणं नव्हतं. शेवटी अक्कानंच तह केला. "एकदा मला तुझा खेळ दाखव," ती म्हणाली. "डोळ्यांनी बघितला आणि पटला, तर रेल्वेचं नाव काढणार नाही."

संघाचे सामने आजवर बेंगळुरात नाहीतर गोव्यात व्हायचे. आता पहिल्यांदाच हुबळीत सामना ठरला, तोही गोव्याच्या एका नावाजलेल्या संघाशी. मैदानाची पायरी कधी न चढलेली अक्का सामन्याला जाणार म्हटल्यावर मला जाणं भागच होतं.

सोबतीला बापू आला. बापू माझा तालमीतला दोस्त. फुकट असेल तर तो परक्याच्या बारशालाही जातो.

शनिवारी सकाळी माझ्या जुन्या मारुतीतून निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगतो, हायवे आता चौपदरी झालाय. निपाणीत चहा, बेळगावात नाश्ता, दुपारी धारवाड, असा निवांत प्रवास होतो. पूर्वी याच रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागं लागलं की माणूस म्हातारा व्हायचा. आता टोलनाक्यांवर म्हातारा होतो. प्रत्येक नाक्यावर बापू न चुकता "मागं दिलाय की" म्हणायचा आणि पावती फाडणारा न चुकता हात पुढं करायचा.

धारवाड सोडलं आणि धनींची पोस्टरं सुरू झाली. हा धनी म्हणजे संघाचा मालक. नाव मोठं लांबलचक आहे, पण सगळं हुबळी त्याला धनी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. जमिनी घेऊन प्लॉट पाडून विकणं हा त्याचा धंदा. तिकडं प्लॉटला साइट म्हणतात आणि साइटींच्या वसाहतीला लेआउट. पोस्टरवर धनी फेटा बांधून, फुटबॉलवर एक पाय ठेवून उभे. त्यांच्या मागं परदेशातून आणलेला उंचापुरा गोलकीपर. त्याच्या मागं अंगठ्याएवढे बाकीचे खेळाडू. आमचा सुनील त्यात शोधूनही सापडला नाही.

कमरीपेठेत दाजींचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, घर वरच्या मजल्यावर. दाजी म्हणजे अक्काचे यजमान. आम्हाला बघताच त्यांनी आधी तिकिटं दाखवली, पाणी नंतर. "तीनशेची एकेक खुर्ची आहे री, बाळासाहेब," ते म्हणाले. तिकडचं 'री' म्हणजे आपलं 'हो'. "शंभराच्या गॅलरीत ऊन लागतं. हजाराच्यात सोफा आहे. मी म्हटलं, मध्ये बसू."

"खेळाडूच्या आईबापालाही तिकीट?" मी विचारलं.

"मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, फुकट पास साइट बघायला येणाऱ्यांना. खेळाडूचे घरचे काय साइट घेणारेत?"

आमच्याकडं दहा रुपयांत सामना दिसतो आणि वर शेजारच्याचे शेंगदाणेही खायला मिळतात. तीनशे रुपयांत कोल्हापुरात अख्खी तालीम सामना बघते. पण दाजींनी हौसेनं काढली होती तिकिटं, म्हणून गप्प बसलो. बापूच्या कानात मात्र "फुकट पास" हे दोनच शब्द शिरले होते.

रात्री सावजी खानावळीत गेलो. सावजी मटण खाल्ल्याशिवाय कमरीपेठेतून परतू नये. माणशी साठ-सत्तर रुपयांत पोट फुटेस्तवर जेवण. तांबडा रस्सा पिऊन वाढलेला बापू आत शिरताना वाढप्याला म्हणाला, "आम्ही कोल्हापूरचे, जरा तिखट आण." वाढप्यानं शांतपणे "आतु री", म्हणजे बरं, म्हणून वाटी ठेवली. दुसऱ्या घासाला बापूच्या कानांतून वाफ निघाली आणि जेवण संपेपर्यंत कोल्हापूरचा उल्लेख झाला नाही.

रविवारी सकाळी बापू आणि मी पासासाठी साइट बघायला गेलो. धनींची एसी बस लोकांना फुकट नेते. वाटेतला उणकलचा तलाव नामी आहे, काठावर सकाळचं फिरायला माणसं येतात, तेवढ्यासाठी तरी जरूर जा. पुढं शेतं होती म्हणे. आता नुसते चुन्याचे पट्टे आणि कमान. कमानीवर फुटबॉल. आत शिरल्यावर एका टायवाल्या पोरानं नकाशा उलगडला. चाळीस बाय साठची साइट, तिचं नाव "स्ट्रायकर". तीस बाय चाळीसची "मिडफिल्डर". वीस बाय तीसची नाल्याकडेची सगळ्यात बारकी साइट, तिचं नाव "गोलकीपर".

"संघाचा खर्च कसा निघतो?" मी विचारलं.

"संघातून काही निघत नाही सर," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "पण संघ आल्यापासून साइटचा रेट दुप्पट झालाय."

म्हणजे परदेशी गोलकीपर कशासाठी आणला होता ते कळलं. चाळीस बाय साठ राखायला. बापूनं मात्र दोन प्लेट इडली-वडा खाल्ला, स्ट्रायकर साइट आवडल्याचं तोंड केलं, खरा फोन नंबर दिला आणि पास खिशात घातला. पास गॅलरीचा निघाला, उन्हातला.

दुपारी सुनील तासाभरासाठी घरी जेवायला आला. सहा फूट उंच पोरगं, पण ताटावर मान खाली. अक्का वाढताना विचारत होती, "आज तू पहिल्यापासून खेळणार की नंतर?" तो "बघू" म्हणाला. हात धुवायला गेला तेव्हा मला मागं बोलावलं.

"मामा, आईला सांगू नका. आज तो परदेशी खेळणार. मला फक्त धनींच्या किकला उभं करणारेत."

"कसली किक?"

"उद्घाटनाची. सामन्याआधी धनी पेनल्टी मारणार. तो परदेशी म्हणतो, असली कामं माझ्या करारात नाहीत. म्हणून मी. मॅनेजरनं सांगितलंय, बॉल उजवीकडं येणार, तू डावीकडं पडायचं. गोल झाला की फटाके." तो थोडा थांबला. "नीट पडलो तर पुढच्या वर्षाचा करार होणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुणा किक मारतो ही रीत आमच्याकडंही आहे, पण आमच्याकडं पाहुणा मधल्या रेषेवर चेंडूला पाय लावतो आणि हार घेऊन खुर्चीत बसतो. गोल मागत नाही. शब्द दिला होता म्हणून अक्काला काही बोललो नाही. ती बिचारी डब्यात चिवडा भरत होती, ठेवणीतलं इरकल नेसून.

मैदानाच्या दारात पहिल्यांदा तो चिवडा गेला. बाहेरचं खाणं आत चालत नाही. मग पाण्याची बाटली गेली. आत तेच पाणी दुप्पट भावात. दारात गिरमिटवाला उभा होता. कांदा, चिंच, फुटाण्याचं पीठ घातलेले चुरमुरे, पाच रुपयांत तोंडाला चव येते. त्यालाही आत मज्जाव. आत पॉपकॉर्न, तीस रुपयांना, तेही मऊ पडलेले. दाजी प्रत्येक दर ऐकून नुसतं "शिव शिव" म्हणत होते. वर गॅलरीत बापू डोक्यावर रुमाल टाकून फुकटचं ऊन खात होता.

धनी उघड्या जीपमधून आले. पुढं डोळ्ळूवाल्यांचं, म्हणजे तिकडच्या ढोलवाल्यांचं पथक, मागं लेआउटचे फलक घेतलेली माणसं. सोफ्यावरच्या मंडळींना शाली झाल्या. परदेशी गोलकीपर आला तेव्हा कागदाची फुलं उडाली. आमचा सुनील कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. खुर्ची तीनशेवालीच, तेवढी त्याला फुकट मिळाली होती.

मग लाउडस्पीकरवर कन्नडमधून घोषणा झाली आणि सुनील हातमोजे चढवत गोलाकडं निघाला. अक्कानं माझा दंड धरला. "बाळू, सगळ्यांत आधी आपलाच की रे!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर तोंड लपवावंसं वाटलं. गोलाच्या मागं एक माणूस उदबत्ती पेटवून वातीजवळ वाकून बसलेला मला दिसत होता.

धनींनी सफारीची बाही सावरली. चेंडू तीनदा जागेवर ठेवला. फोटोवाल्यांकडं बघून हसले. चार पावलं धावले.

त्याच क्षणाला अक्का उभी राहिली आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "हिडियो, सुन्या!"

हिडियो म्हणजे धर, पकड. तीस वर्षं कमरीपेठेत राहिलेली माझी बहीण माझ्याशी मराठीत बोलते, पण जीव टांगणीला लागला की तिच्या तोंडून कन्नड येतं. लहानपणी जिन्यावरून घरंगळणारा तांब्या असो नाहीतर अंगणातून सुटलेलं वासरू, पोराला ती असंच ओरडायची.

सुनील डावीकडं वाकलाही होता. पण आईचा आवाज आला आणि तो उजवीकडं फिरला. चेंडू काही फार जोरात नव्हता. त्यानं तो दोन्ही हातांनी झेलला आणि पोटाशी घट्ट धरून उभा राहिला.

वातवाल्याला पायाची हालचाल दिसली होती, झेल दिसला नव्हता. फटाके सुटले. आकाशात हिरवं-लाल झाड फुललं, डोळ्ळू वाजायला लागले, लाउडस्पीकर "गोऽऽल" म्हणून किंचाळला, आणि खाली गोलकीपर चेंडू पोटाशी धरून उभा. मग शंभराच्या गॅलरीतून हशा सुरू झाला. उन्हात बसलेली सगळी माणसं हसत होती, आणि त्यांत बापूची शिट्टी मी लांबूनही ओळखली. मॅनेजर पुन्हा किक घ्या म्हणून धनींच्या कानाला लागला, पण दारू सगळी उडून गेली होती. धनींनी दोन्ही हात उंचावून गर्दीला नमस्कार केला आणि सोफ्याकडं वळले.

सुनीलला तिथूनच ड्रेसिंगरूममध्ये पाठवलं. खरा सामना मग सुरू झाला. अक्का दहा मिनिटांत उठली. "चला, माझं बघून झालं."

"अगं, तीनशेची खुर्ची आहे!" दाजी कळवळले. ते शेवटच्या शिट्टीपर्यंत बसले. आमचा संघ तीन गोलांनी हरला. परदेशी पाहुण्यानं तीनही चेंडू जाळीतून काढून दिले, असं दाजींनी रात्री सांगितलं.

सुनील अंधार पडल्यावर घरी आला. किटची बॅग संघाकडंच ठेवून घेतलेली, बूट तेवढे हातात. मॅनेजरनं उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं होतं. मग अक्काला सगळं सांगावं लागलं. तिनं चुलीवरचा तवा खाली उतरवला.

"तुला पडायला सांगितलं होतं ना?" तिनं विचारलं.

"सांगितलं होतं."

"मग?"

"तू ओरडलीस की."

अक्का आधी रडली आणि रडता रडताच हसली. तिनं त्याला जवळ ओढलं, तर तिचं डोकं त्याच्या छातीपर्यंतच पोहोचलं. दाजी उगाच मशीनला तेल घालत बसले. पोराची नोकरी गेली होती आणि मला त्याचा इतका अभिमान वाटत होता की लाज वाटावी.

सोमवारी परतताना धारवाडात सुभाष रोडला पेढे घ्यायला थांबलो. ताजे मागून घ्या, चव बघितल्याशिवाय बांधू देऊ नका. दुकानदार कन्नड पेपर वाचत होता. पहिल्या पानावर धनी, पाय हवेत, पाठीमागं फटाके. गोलाची जाळी फोटोत कापलेली.

"काय लिहिलंय, अण्णा?" बापूनं विचारलं.

"धनींनी गोल मारून उद्घाटन केलं."

"आम्ही होतो तिथं. गोल झालाच नाही!"

"मीपण होतो की," दुकानदार पेढे तोलत म्हणाला. "पण फटाक्यांचे पैसे कुणी दिले?"

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. संघ पुढच्या पावसाळ्याच्या आत बंद पडला, "फुटबॉलमध्ये पैसा नाही" असं धनी म्हणाले म्हणे. लेआउटमधल्या साइटी सगळ्या विकल्या गेल्यात, नाल्याकडेच्या गोलकीपरसकट. बापूला अजून दर महिन्याला फोन येतो, "सर, स्ट्रायकर बुक करताय ना?" सुनील पुढच्या भरतीत रेल्वे वर्कशॉपात लागला आणि त्यांच्या संघाकडून खेळतो. सुटीच्या दिवशी सामना असला की अक्का डब्यात चिवडा भरून जाते. दारात कुणी अडवत नाही.

हे लिहिण्याआधी तिला फोन केला, हरकत नको म्हणून.

"काय काय लिहिलंस?" तिनं विचारलं.

"टोल, पेट्रोल, तीनशेची खुर्ची, पॉपकॉर्न. धनींचे फटाके. कुणाचा किती खर्च झाला ते सगळं."

"आणि बॉल किती आले ते?"

"ते लिहायचं राहिलं."

"मग लिही," अक्का म्हणाली. "त्या दिवशी माझ्या पोराकडं एकच आला. तो त्यानं धरला."